नानांची सत्तेचाळिसावी पायरी

मला तो कोर्स करायचाच नव्हता. आणि करायची वेळ आलीच, तर निदान आहिरे नानांबरोबर तरी नको होती. पण आमच्या अण्णांच्या डोक्यात काही शिरलं की ते निस्तरायला खालचं कुणीतरी लागतं, आणि त्या वर्षी ते कुणीतरी मी होते.

अण्णा म्हणजे आमचे मालक. पिंपळगाव बसवंतला हायवेच्या कडेला त्यांचं द्राक्षांचं पॅकहाउस आहे, मागे कोल्ड स्टोरेज. माल परदेशात जातो, त्यामुळे मालाइतकेच त्याचे कागद. ते कागद मी सांभाळते. नाशिकला इंदिरानगरातून सकाळी सातच्या कंपनीच्या बसने जायचं, दिवसभर तक्ते भरायचे, संध्याकाळी परत. नोकरी तशी सुखाची होती. मग त्या डिसेंबरात खरेदीदाराचा तपासनीस आला, सगळं फिरून पाहिलं आणि मशीनरूममध्ये उभं राहून त्याने विचारलं, "हा प्लांट चालवायची लेखी पद्धत कुठे आहे?"

सगळ्यांनी नानांकडे पाहिलं, कारण कोल्ड स्टोरेजचं मशीन वर्षानुवर्षं तेच चालवत होते. नानांनी आपल्या टोपीवर बोट ठेवलं. तपासनिसाला ते काही पटलं नाही.

आठवड्याच्या आत अण्णांनी आम्हा दोघांची नावं एका कॉलेजच्या ऑनलाइन कोर्सला घातली. विषय तांत्रिक आणि व्यावसायिक लेखन. दर शनिवारी दुपारी चार ते सहा, जानेवारी ते एप्रिल. शेवटी एक प्रकल्प होता. आपल्या कामाच्या ठिकाणची एखादी कार्यपद्धती पायरी-पायरीने अशी लिहायची, की नव्या माणसाला ती वाचून काम करता यावं. जोडीने करायचा आणि मार्क दोघांना सारखे. "नाना सांगतील, तू लिही," अण्णा मला म्हणाले. मग नानांच्या समोरच, अगदी चांगल्या मनाने म्हणाले, "नाना, एकदा हे लिहून झालं की तुम्ही मोकळे. किती वर्षं त्या आवाजात काढायची? पुढच्या सीझनला ठेकेदाराची माणसं वाचून चालवतील."

म्हणजे नाना जितकं नीट सांगणार तितकी त्यांची नोकरी लवकर संपणार. हे मला तिथल्या तिथे कळलं. नानांना कळलं का, ते मला आजतागायत कळलेलं नाही. ते फक्त म्हणाले, "चालंल."

नाना सटाण्याकडचे. घरदार तिकडे, पण सीझनभर मुक्काम मशीनरूमशेजारच्या खोलीत. अंगाने किडकिडीत, पांढरी टोपी, खिशात कायम एक लांब स्क्रू ड्रायव्हर. त्याचं टोक मशीनला लावायचं, मूठ कानाला, आणि डोळे मिटून उभं राहायचं. आमच्याशी बोलताना त्यांचं 'लय', 'नाय', 'हाय' चालायचं, पण मशीनशी मात्र शुद्ध अहिराणी. "काय व्हयनं तुले?" म्हणजे काय झालं तुला, असं ते कॉम्प्रेसरला विचारत, आणि उत्तर आल्यासारखी मान हलवत. मशीनबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक तेलाने माखलेलं एका फडताळात होतं. त्याचा काही उपयोग नव्हता, कारण इतक्या वर्षांत नानांनी निम्म्या नळ्या इकडच्या तिकडे केल्या होत्या. कुठला वॉल्व्ह कशाचा, हे त्या पुस्तकापेक्षा नानांना जास्त माहीत होतं.

आणखी एक खोड म्हणजे 'बंद' हा शब्द ते तोंडातून काढत नसत. आपण कसं दुकान वाढवलं म्हणतो, दिवा शांत केला म्हणतो, तसं नाना मशीन 'निजवत'. "बंद म्हणायचं नाय ताई. आपलं पोट हाय त्याच्यावर," असं मला त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं. मी मनात म्हटलं, झालं, आता लिहा कार्यपद्धती.

पहिल्या तासाला नाना आंघोळ करून, धुतलेली टोपी घालून, कपाळाला गंध लावून मोबाइलसमोर बसले. मागे मशीन धडधडत होतं. शिकवायला देशमाने मॅडम होत्या. भरभर बोलणाऱ्या, पण प्रेमळ. त्या म्हणाल्या, "लिहिताना नेहमी समोर वाचक आहे असं समजा." नानांनी लगेच आवाज चालू केला. "कोन वाचक, मॅडम? नाव काय त्याचं?"

"नाव नसतं काका. कोणीही असू शकतो."

"कोनीबी कसा? आमच्या मशीनरूममदी कोनीबी येत नाय. तसा बोर्ड लावेल हाय."

मॅडम हसल्या. वर्गातल्या चाळीस चौकोनांतली माणसं हसली. नाना हसले नाहीत. त्यांनी वहीत लिहिलं, 'वाचक: नाव नाही', आणि खाली दोन रेघा मारल्या. मला काहीच समजेना, की हा माणूस भोळा आहे का आमची सगळ्यांची फिरकी घेतोय. पुढे चार महिने मी याच प्रश्नात अडकून होते.

दुसऱ्या आठवड्यात व्यावसायिक पत्राचा सराव होता. माल उशिरा पाठवणाऱ्या पुरवठादाराला तक्रारीचा मेल लिहायचा होता. योगायोगाने आमच्या मशीनच्या एका सीलची ऑर्डर खरंच अडकली होती, मशीनमधून तेल गळत होतं आणि नाशिकचा दुकानदार दाद देत नव्हता. मी नियमाने मेल लिहिला. विषय, ऑर्डर क्रमांक, मुदत, आणि आपला विश्वासू. मॅडमनी मला दहापैकी नऊ दिले. नानांनी लिहिलं ते असं: 'तुमच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं असं ऐकलं. जिना चढू देऊ नका. आमच्या पुतण्याचं लग्न ठरलं, पत्रिका येईल, पण आमंत्रण आजच धरा. कांद्याचं यंदा बरं आहे. बाकी सील आलं नाही. मशीन रडतंय. घाई नाही.'

मॅडमनी तीन मार्क दिले आणि शेरा मारला, 'मुख्य मुद्दा शेवटी आणि तोही अर्धवट. घाई असताना "घाई नाही" का लिहिलं?' मीही तेच विचारलं. नाना म्हणाले, "घाई हाय हे त्याला म्हाईत हाय ना. मग आपन कशाला लिहायचं?"

आम्ही दोघांनीही आपापली पत्रं खरोखर त्या दुकानदाराला पाठवली. माझ्या मेलला उत्तर आलं, 'नोंद घेतली.' नानांचं पत्र व्हॉट्सअ‍ॅपवर गेलं आणि दुसऱ्या दिवशी दुकानदार स्वतः सील घेऊन दारात हजर. मी हरले म्हणायला तोंड उघडणार, तोच नानांनी पाकीट फोडलं. सील चुकीच्या मापाचं निघालं. पत्रात मापच नव्हतं. माप माझ्या मेलमध्ये होतं, तो त्याने वाचलाच नव्हता. बिचारा तसाच नाशिकला परत गेला आणि दुपारी दुसरं घेऊन आला. आता यात कोणाचं बरोबर? मी मॅडमना हा किस्सा सांगितला, तर त्यांनी पुढचा धडा काढला.

खरी पंचाईत प्रकल्पाला हात घातल्यावर झाली. बागेतून द्राक्षं आली की पेट्या आधी प्रीकूलिंगच्या खोलीत जातात, तिथे मण्याच्या आतली उष्णता काढायची आणि मग साठवणीच्या खोलीत. कधी काढायच्या, ते सुईच्या थर्मामीटरवर बघतात. नाना बघत नसत. ते पेटीतला एक मणी घेत, खालच्या ओठाला टेकवत आणि म्हणत, "अजून ऊन हाय पोटात." नाहीतर, "चला, काढा." त्यांनी मला तेच लिहायला सांगितलं, पायरी एकोणीस: मणी ओठाला लावून पाहावा. मॅडमनी खाली लाल रेघ ओढली, 'मोजता येईल असं लिहा.'

"ओठ मोजतो की," नाना म्हणाले.

मग मी पण इरेला पेटले. थर्मामीटर घेतला आणि त्यांच्यासमोर दहा मण्यांची परीक्षा घेतली. आठ वेळा नाना बरोबर. दोन वेळा थर्मामीटर वेगळं म्हणाला. नाना शांतपणे म्हणाले, "त्याला विचारा, बरा हाय का." मी बॅटरी बदलली. एका मण्याच्या बाबतीत नाना बरोबर निघाले, दुसऱ्याच्या बाबतीत चुकले. त्या चुकलेल्या मण्याकडे ते बराच वेळ बघत राहिले आणि मग तो खाऊन टाकला. शेवटी मी पायरी एकोणीसमध्ये दोन्ही लिहिलं, आधी थर्मामीटर, मग ओठ. मॅडमनी कंटाळून मान्य केलं.

मार्चमधला एक तास मला विसरता येत नाही. मॅडम कार्यपद्धतीचं महत्त्व सांगत होत्या. म्हणाल्या, "असं लिहा, की उद्या तुम्ही तिथे नसलात तरी काम अडायला नको."

नानांनी आवाज चालू केला. "मॅडम, उद्या मी तिथं नसलो तर मग मी कुठं असंन?"

वर्ग खळखळून हसला. मॅडम म्हणाल्या, "काका, रजेवर असाल समजा." नाना म्हणाले, "रजा मी घेत नाय," आणि आवाज घालवून टाकला. त्यांच्या चौकोनात मला फक्त टोपीचा वरचा भाग दिसत होता. मी हसले नव्हते. मला राग आला, पण तो अण्णांचा, मॅडमचा की स्वतःचा, ते कळलं नाही.

त्यानंतर गाडं अडलं. सुरू कसं करायचं, चालवायचं कसं, वीज गेली तर काय, अशा एकेचाळीस पायऱ्या झाल्या होत्या. राहिलं होतं मशीन थांबवायचं. हीच धोक्याची बाजू होती. नळ्यांमधून अमोनिया फिरतो, आणि थांबवताना वॉल्व्हचा क्रम चुकला तर तो बाहेर येऊन डोळे-छाती जाळतो. जानेवारीत सुरू झालेलं मशीन सीझन संपल्यावरच थांबायचं, आणि ते काम नाना दरवर्षी एकटे, दार लावून करत. मी सोमवारी विचारलं तर म्हणाले, आधी पाण्याचा पंप. बुधवारी विचारलं तर आधी टाकीचा वॉल्व्ह. गुरुवारी म्हणाले, "ते मशीनच सांगतं."

माझा पारा चढला. "नाना, मला येडं समजताय का? तीन दिवसांत तीन उत्तरं?"

"ताई, रागावल्या का तुम्ही लय भरभर लिहिता. अक्षर लागत नाय मग."

त्या दिवशी बसमध्ये बसल्यावर मला वाटलं, की ठरवून चाललंय हे. शेवटचा क्रम हाच या माणसाच्या हातातला हुकमाचा पत्ता आहे, आणि तो ते कशाला टाकतील? मी त्यांच्या जागी असते तर टाकला असता का? नसता. आडगाव येईपर्यंत माझा राग गेला होता आणि नाशिकचा द्वारका चौक येईपर्यंत मी ठरवून टाकलं होतं, की शेवट न लिहिताच प्रकल्प द्यायचा. चार मार्क कमी पडतील. पडू देत. प्रमाणपत्र काय, मिळेल तेव्हा मिळेल. प्लांट थांबवायला पुढच्या वर्षीही नाना लागतील, एवढं तरी माझ्या हातात आहे.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना ते सरळ सांगून टाकलं. "नाना, शेवटचं राहू द्या. मी एकेचाळीस पायऱ्यांवर देते. तुमची गरज राहील इथे."

नाना माझ्याकडे मी काहीतरी भलतंच बोलल्यासारखं बघायला लागले. "म्हंजे अर्धा पेपर द्यायचा? ताई, मी धावीला इंग्रजीत राहिलो. त्यानंतर कुठल्या परीक्षेला बसलो नाय. आता बसलोय तर अर्धा देऊ?"

"पण नोकरीचं काय?"

त्यांनी स्क्रू ड्रायव्हर मशीनला लावला, ऐकलं, पुसून खिशात ठेवला. मग म्हणाले, "उद्या कोनी उलटा वॉल्व्ह फिरवला न डोळे गेले तर ते कोनाच्या नावावर?" मी विचारलं, मग इतके दिवस वेगवेगळं का सांगत होतात? तर म्हणाले, "बोलून येत नाय ते. हात सांगतात." हे खरं होतं का बहाणा होता? परीक्षेची हौस होती की अमोनियाची काळजी? की त्यांना एवढंच हवं होतं, की कोणीतरी एकदा 'राहू द्या' म्हणावं? मी तेव्हाही गोंधळले होते आणि आताही आहे.

शेवटचा कंटेनर एप्रिलमध्ये गेला, दुपारी. नानांनी मला मशीनरूममध्ये बोलावलं आणि या वेळी दार उघडं ठेवलं. मशीनसमोर नारळ फोडला, पाणी चारी बाजूंना शिंपडलं, आणि म्हणाले, "मी करतो, तुम्ही बघा न लिहा. विचारू नका." मी वही उघडली. बेचाळीस: टाकीचा मोठा वॉल्व्ह फिरवला. त्रेचाळीस: नळ्यांतला अमोनिया टाकीत ओढला जाईपर्यंत थांबले, एक हात नळीवर, नजर दाबाच्या काट्यावर. मी हळूहळू लिहीत होते. चव्वेचाळीसला त्यांचा हात स्विचकडे गेला तेव्हा मी लिहिलं, 'मशीन शांत करावे.' ते वहीत डोकावले.

"शांत नको. बंद लिहा. वाचनाऱ्याला कळलं पायजे."

मी खोडून 'बंद' लिहिलं. मला रडू येत होतं आणि लिहायचंही होतं. त्यांनी स्विच दाबला. पंचेचाळीस: दोन्ही बाजूंचे वॉल्व्ह. शेहेचाळीस: पाण्याचा पंप. पंपही थांबला आणि त्या खोलीत मी पहिल्यांदाच हायवेवरच्या टेम्पोंचे हॉर्न ऐकले.

मी वही मिटायला लागले. नाना म्हणाले, "अजून एक हाय. लिहा. सत्तेचाळीस. सगळं बंद झाल्यावर पाच मिनिटं तिथंच उभं ऱ्हावं."

"कशासाठी?"

"लिहा."

मी लिहिलं. मग आम्ही दोघं उभे राहिलो. नळ्यांवरचा बर्फ वितळून टपटपत होता. नाना हात मागे बांधून मशीनकडे तोंड करून उभे होते. चेहऱ्यावरून काही समजत नव्हतं. पाच मिनिटं झाली तशी त्यांनी टोपी सारखी केली आणि हात धुवायला बाहेर गेले.

मेमध्ये निकाल लागला. पन्नासपैकी अठ्ठेचाळीस. शेवटच्या पायरीपुढे मॅडमनी लिहिलं होतं, 'कारण द्या.' अण्णांनी मिठाई वाटली, नानांना शाल दिली आणि मनापासून मिठी मारली. त्यांनी काही वाईट केलं असं मला म्हणता येत नाही, ठरल्याप्रमाणेच नानांना मोकळं केलं. नाना पिंपळगावच्या स्टँडवरून सटाण्याच्या गाडीला बसायला निघाले तेव्हा मी त्यांचं प्रमाणपत्र रंगीत छापून, इंदिरानगरच्या दुकानातून लॅमिनेट करून घेऊन गेले. त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, वरपासून खालपर्यंत वाचलं, स्वतःच्या नावापाशी थांबले, पुन्हा वाचलं.

"दोन मार्क कुठं गेले?"

"पाच मिनिटांचं कारण दिलं नाही म्हणून गेले. आता तरी सांगा नाना."

नाना हसले. चार महिन्यांत मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहत होते. पुढचे दोन दात नव्हते, हेही मला तेव्हाच कळलं. "दोन गेले तर गेले," म्हणाले आणि गाडीत चढले. खिडकीशी जागा मिळाली. ऊन रणरणत होतं. गाडी सुटली तेव्हा ते त्या प्रमाणपत्राने वारा घेत होते, आणि शेजारच्या माणसाला काहीतरी सांगत होते. माझ्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. त्यानंतर मी त्यांना पाहिलेलं नाही.

मशीनच्या कंपनीचा इंजिनिअर पुढे तपासणीला आला, तेव्हा मी त्याला सत्तेचाळिसावी पायरी दाखवली. तो म्हणाला, गळती बघायला असेल कदाचित. मग म्हणाला, तसं असतं तर कुठे बघायचं ते लिहिलं असतं. शेवटी म्हणाला, "गरज नाही, पण नुकसानही नाही. असू दे."

या एप्रिलमध्ये ठेकेदाराच्या दोन माणसांनी मशीन थांबवलं. मी बाजूला उभी होते. एकजण मोठ्याने वाचत होता, दुसरा वॉल्व्ह फिरवत होता. बेचाळीस ते शेहेचाळीस बिनचूक झालं, काही अडलं नाही, कुणाला इजा झाली नाही. खोली एकदम गप्प झाली आणि मला नानांची आठवण आली. वाचणारा माणूस शेवटच्या ओळीवर अडखळला.

"मॅडम, हे पाच मिनिटं उभं राहायचं कशाला?"

"लिहिलंय ना?" मी म्हटलं. "मग उभे राहा."

ते दोघं मोबाइल खिशात टाकून उभे राहिले. मी पण उभी राहिले.